माळेवाचून

आण्णांनी दारू सोडली ती लढाईच्या दिवसांत, सांगलीच्या दवाखान्यात, माझ्या आईच्या उशाशी. आईने शपथ वगैरे काही घातली नव्हती. ती नुसती बघत होती आणि आण्णा, माझे वडील, खाटेशी गुडघे टेकून रडत होते. "प्रभो, मी पापी आहे," एवढंच पुन्हा पुन्हा. मला त्यांचा रागच आला. हे आधी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? आईला पुरल्यावर सांगलीचं माझं बोर्डिंग सुटलं आणि आण्णांची चूल सांभाळायला मी मेढ्याला आले.

मेढ्यात ख्रिस्ती घर आमचं एकच. आण्णा तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. गाव तोंडावर मास्तर-मास्तर करायचं, पण प्यायला पाणी द्यायची वेळ आली की ओंजळीत वरून ओतायचं. आमचा धर्म बदलला तरी आजोबांची जात गावाच्या चांगली लक्षात होती. एका लोहाराकडे तेवढं तसं नव्हतं. त्याच्या कामाच्या छपरामागे संध्याकाळी चार माणसं जमत आणि एकच पेला सगळ्यांच्या हातांतून फिरे, आण्णांच्याही. एका प्याल्यातून पितात ते भाऊ, असं आमच्या साताऱ्याच्या चर्चचे पाळक प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस वाटताना, सांगत. आण्णांना ते भाऊ त्या छपरामागे आधीच भेटले होते. दारूही तिथेच होती, हीच तर पंचाईत.

पिण्यापायी चर्चच्या मंडळीने आण्णांना प्रभुभोजनातून वगळलं होतं. महिन्यातून एका रविवारी आम्ही सर्व्हिस मोटारीने साताऱ्याला उपासनेला जायचो. भाकर आणि प्याला फिरू लागला की आण्णा मागच्या बाकावर मान खाली घालून बसत. आपल्याला परत घेतील का, या एकाच गोष्टीत त्यांचा जीव अडकला होता. बाकी आयुष्यात त्यांना हवंसं काही उरलं नव्हतं.

सोडली म्हणाले तरी ते संध्याकाळी छपरामागे जात, कारण दुसरीकडे जाणार कुठे? नको म्हटलं तरी माणसं आग्रहाने ओतत. पाय घसरला की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसत. शेवटी लोहारालाच त्यांची दया आली. तो आमच्या दारात आला आणि वाईच्या घाटावरून आणलेली तुळशीची माळ त्याने पुढे केली.

"मास्तर, तुमी नको म्हनता आन् मानसं ओतत्यात. त्यांचं तरी काय चुकलं? गळ्यात काय दिसतंय का? ही घाला. माळकऱ्याला कुनी इचारत न्हाई."

आण्णांनी बराच वेळ ती हातात धरली आणि मग घातली. लोहाराचं म्हणणं खरं ठरलं. पेला आण्णांच्या समोरून मुकाट पुढे जाऊ लागला. ते तिथे बसत, हसत, आणि शुद्धीवर घरी येत; कधी त्यांतलं कोणी बोलत बोलत आमच्या ओट्यावरही येऊन टेकायचं. माझ्या मते त्या मण्यांनी पाळकांच्या सगळ्या प्रवचनांहून जास्त काम केलं.

आण्णांना परत घ्यायचा रविवार ठरला. प्रार्थनेला ते गुडघ्यांवर वाकले आणि माळ सदऱ्याबाहेर लोंबू लागली. सगळ्या बाकांवर कुजबुज झाली. उपासना संपल्यावर पाळकांनी त्यांना बाजूला घेतलं.

"आधी हे काढा, मास्तर. मग बघू."

"काढली तर गाव समजेल, मी पुन्हा प्यायला मोकळा झालो."

"गाव काय समजेल ते सोडा. पश्चात्ताप देवापुढे करायचा असतो."

पाळक वाईट नव्हते, पण मेढ्यात ते कधी मुक्कामालासुद्धा आले नव्हते. मी फणकाऱ्याने काहीतरी बोलणार होते. आण्णांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

त्याच संध्याकाळी ते माळ परत द्यायला निघाले. विळीला धार लावायची म्हणून मीही बरोबर गेले. माळ हातात पडताच लोहाराचा चेहरा खुलला. आमच्या भागात माळ काढली म्हणजे नेम मोडला. त्याला दुसरा अर्थ नाही.

"सुटलं म्हना की! बसा, बसा." त्याने पेला भरून पुढे केला.

"नको," आण्णा म्हणाले.

"आवं, आता कशापायी? माळ काढली न्हवं?"

"नको."

लोहाराचा हात तसाच पुढे होता. मग त्याने पेला खाली ठेवला. "म्हंजी आमच्या हातचं नको. तसं म्हना की सरळ. आमी तुमास्नी कवा दूर धरलं न्हाई, मास्तर."

आण्णांनी त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण तो आत निघून गेला होता. माझी विळी तशीच बोथट घरी आली.

त्यानंतर आमच्या ओट्यावर कोणी बसलं नाही. शाळेतून आल्यावर आण्णा दारात उभे राहत. छपरामागचं हसणं तिथवर ऐकू यायचं. बोलायला मी होते, पण विधुर बाप पोरीशी बोलून बोलून किती बोलणार? मलाही आईची, बोर्डिंगातल्या मैत्रिणींची आठवण येऊन रडू फुटायचं. एकदा न राहवून मीच म्हणाले, "जाऊन या ना थोडा वेळ."

"गेलो तर पिईन गं," ते म्हणाले, आणि चौकट धरून उभेच राहिले.

पुढे साताऱ्याला त्यांना मंडळीपुढे उभं केलं. रिवाजाप्रमाणे एका वडीलधाऱ्याने विचारलं, "तुम्ही पापापासून वळलात, याची खूण काय?" अशा वेळी लोक शास्त्रातलं वचन म्हणतात. आण्णांना वचनं ढीगभर पाठ होती.

"आता आमच्याकडे कोणी येत नाही," ते म्हणाले.

प्रश्न ऐकू आला नसेल असं वाटून त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं. आण्णांनी तेच पुन्हा सांगितलं. पाळक त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते भाकरीचं ताट घेऊन स्वतः खाली उतरले.

आण्णांनी दोन्ही हात पुढे करून तुकडा घेतला. मी आनंदाने रडायला हवं होतं. मला मात्र ती भाकर फार महाग पडली असं वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.