दाजींनी हात सोडवून घेतला होता

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अध्यक्षांनी माझ्या मेलेल्या दाजींना फसवलं. धुळ्याच्या दफनभूमीत, पेटी खाली सोडायच्या आधी, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "मास्तरांनी शेवटी उत्क्रांतीचा नाद सोडला. माझ्या हातात हात देऊन त्यांनी ते कबूल केलं. प्रभूची स्तुती असो." लोक 'आमेन' म्हणाले. माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, तेवढ्या रडण्यातूनही मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. कारण ज्या खोलीत हे घडलं म्हणतात, त्या खोलीत त्या वेळी तिघेच होतो. दाजी, अध्यक्ष आणि मी. दाजी गेले. उरलेल्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि तो मी नाही.

मी मूळचा धुळ्याचा, जळगावला केळीचा व्यापार करतो. शिक्षण दहावीपर्यंत, तेही ढकलत. जे काही उभं केलं ते तोंडाच्या आणि डोळ्यांच्या जोरावर. बाग बघून घडाचं वजन सांगतो, आणि समोरचा मालक खोटं बोलत असेल तर त्याच्या चपलेच्या हालचालीवरून ओळखतो. तापट आहे, हे सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. दाजी माझ्या बरोबर उलटे. शमुवेल मास्तर. धुळ्याच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. आवाज असा की वर्गात मागच्या बाकाला ऐकू जाण्यासाठी पुढच्या बाकाने गप्प बसावं लागे. महिन्यातून एका रविवारी ते मंडळीत संदेश द्यायचे, आणि दर रविवारी मुलांना बायबल शिकवायची शब्बाथ शाळा घ्यायचे. सोमवारी वर्गात उत्क्रांती शिकवायची आणि रविवारी देवाने सृष्टी निर्माण केली हे शिकवायचं, यात त्यांना कधी अडखळायला झालं नाही. मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "दाजी, दोन दुकानं चालवताय तुम्ही. एका दुकानाचा माल दुसऱ्यात खपत नाही." ते म्हणाले, "दुकान एकच आहे रे. मालकही एकच. तू फक्त मागचं गोदाम पाहिलेलं नाहीस."

भांडण सुरू झालं ते एका रानकेळीवरून. आमच्याकडे वर्षातून एकदा हंगामाचा सण असतो. प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीसमोर आणून ठेवतं. वांगी, ज्वारीची कणसं, कोंबडा, लोणच्याची बरणी... उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. लिलाव मी पुकारतो, कारण माझ्याइतकं बेशरम कोणी नाही. त्या वर्षी दाजींनी पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातून, एका जुन्या विद्यार्थ्याच्या गावाहून, रानकेळीची एक फणी आणली. आखूड, जाडजूड, कोनाकोनाची फळं. मी पुकारलं, "बोला, देवाच्या बागेतला माल, ना ठिबक ना खत!" कोणी बोली लावेना. शेवटी अध्यक्षांनी मोठेपणा म्हणून फणी घेतली आणि सगळ्यांदेखत एक फळ सोलून घास घेतला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचे डोळे मोठे झाले. आतमध्ये हरभऱ्यापेक्षा मोठ्या, काळ्या, दगडासारख्या बिया. आबांनी त्या हातावर थुंकल्या आणि जमिनीवर फेकल्या. "हाई काय शे मास्तर? देवाच्या वेदीवर खडा?" दाजी हसले. "खडे नाहीत आबा. हे तुमच्या बागेतल्या केळीचे चुलत आजोबा आहेत. खरे आजोबाही असेच बियांचे होते. बिनबियांचं केळ व्हायला केवढा काळ गेला असेल!" लोक हसले. आबांच्या कवळीकडे बघून जरा जास्तच हसले. तेवढ्यात कोणीतरी मागून ओरडलं, "मग आमचे आजोबा कोण मास्तर, माकड?" आणि हसू थांबलं.

दाजींनी तिथे गप्प बसायला हवं होतं, असं अजूनही लोक मला सांगतात. ते गप्प बसले नाहीत. अंगणातच, लिलावाच्या टेबलाजवळ उभं राहून, त्या बारीक आवाजात त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण मला त्यात पहिल्यांदा माझा धंदा दिसला. ते म्हणाले, "आज आपण सगळ्यांनी वेदीसमोर काय म्हटलं? हे पीक देवाने दिलं. आबा, तुमचा घड तयार व्हायला वर्ष लागतं. कंद तुम्ही लावता, ठिबक तुम्ही चालवता, मजूर राबतात. म्हणून देवाने दिलं हे खोटं ठरतं का? नाही ना? मग देवाने माणूस घडवायला कोट्यवधी वर्षं घेतली, एका प्राण्यातून दुसरा वळवत घेतली, तर त्याचं देणं कमी कसं होतं? तो घाईत आहे असं कुठे लिहिलंय?" आबांनी उरलेली फणी टेबलावर ठेवली. दाजी खाली वाकले आणि आबांनी फेकलेल्या बिया एकेक करून उचलून रुमालात बांधल्या.

पुढच्या रविवारी कमिटी बसली. तेव्हा आमच्या मंडळीला पाद्री, आमच्या बोलीत पाळक, नव्हते, म्हणजे आबा म्हणतील ती पूर्व दिशा. मुलांना बिघडवणारा माणूस व्यासपीठावर नको, असं ठरलं. अक्का दिवसभर चुलीपाशी बसून राहिली, चूल न पेटवता. मी जळगावहून आलो. त्या वादात कोण बरोबर हे मला कळत नव्हतं. सौदा मात्र कळतो. आबांच्या ओट्यावर बसून मी तो जमवला. मास्तरांनी वर्षभर शब्बाथ शाळा घ्यायची नाही, संदेश द्यायचा नाही, कुठे एक शब्द काढायचा नाही. वर्षाने, हंगामाच्या सणाला, संदेश मास्तरांचा. आबांनी माझ्या हातावर टाळी दिली. दाजींनी वर्षभर शब्द पाळला. मागच्या बाकावर बसायचे, मुलं शिकायला दुसऱ्या खोलीत जाताना त्यांच्याकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे.

वर्षाने सण आला. दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. व्यासपीठावर बाहेरगावचा एक वक्ता उभा राहिला आणि माकडाची औलाद म्हणवून घेणाऱ्यांवर तासभर बोलला. दाजी समोर बसून ऐकत होते. मी आबांना अंगणात गाठलं. ते म्हणाले, "ते आपलं तोंडी होतं. कमिटीत कुठे ठरलं होतं?" केळीच्या बाजारात तोंडी बोललेलं फिरवणाऱ्याशी पुन्हा कोणी व्यवहार करत नाही. मंडळीत त्याला अध्यक्ष करतात. मी त्या दिवशी बरंच काही बोललो, त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही. दाजींनी मला बाहेर ओढत नेलं. "तू माझ्यासाठी भांडतोयस की तुझ्या सौद्यासाठी?" मी तसाच जळगावला निघालो.

मग काही वर्षांनी पोटाचा आजार निघाला, निघाला तेव्हाच पसरलेला. मुंबईला नेतो म्हटलं, नाशिकला नेतो म्हटलं, डॉक्टरांशी घासाघीस केली... जणू ते कमी-जास्त करू शकणार होते. दाजींना शेवटी एकच हवं होतं, घरी प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मंडळीला अजूनही पाळक नव्हते. शेजारच्या मंडळीच्या पाळकांना बोलवायचं तर आबांचं पत्र लागे. आबा स्वतः आले. अक्का पाणी आणायला आत गेली. आबा खाटेजवळ बसले, दाजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मास्तर, आता बोलायचे कष्ट नको. ते सगळं सोडलं एवढं सांगा, उद्याच पाळकांना आणतो. सोडलं असेल तर हात दाबा."

आता हे नीट ऐका. माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. रुमालाखाली हात धरून भाव चालायचा. मान्य असेल तर बोटं दाबायची. मान्य नसेल तर हात काढून घ्यायचा. तोंडाने 'नाही' म्हणायची गरज नसते, समोरच्याचा अपमानही होत नाही. आबांच्या वडिलांची बैलं त्याच बाजारात यायची. ही भाषा आबांना माझ्याइतकीच येते. दाजींच्या हातात ताकद उरली नव्हती. तरी त्यांनी एक एक बोट मागे घेतलं. अंगठा आबांच्या मुठीत अडकला, तोही ओढून काढला. मग तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. आबा उठले. अक्का पाणी घेऊन आली तेव्हा ते चपला घालत होते. पाळक आले नाहीत. भाकर आली नाही. दाजी तसेच गेले.

दफनानंतर चौथ्या दिवशी अक्काने मला मागच्या दारी बोलावलं. ती रागावली किंवा घाबरली की शहराचं बोलणं विसरते. "मनी आन शे तुले भाऊ, खरं सांग. त्या काय बोलनात?" मी सांगितलं, दाजी काही बोलले नाहीत, हात काढून घेतला. तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आबा म्हणतात दाबला, पाळकांना वेळ मिळाला नाही म्हणून ते आले नाहीत. तू म्हणतोस काढला. तुझं आबांशी वैर आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे रे..." माझी सख्खी बहीण. मला तिचा राग आला नाही. जो माणूस आयुष्यभर एकच गोष्ट खरी मानून शांतपणे बसला, त्याने शेवटी ती भाकरीच्या तुकड्यासाठी विकली असेल, तर ती इतकी वर्षं कोणाबरोबर राहिली? आणि विकली नसेल, तर मंडळी म्हणायची तसा तिचा नवरा अविश्वासी मेला का? हे दोन्ही प्रश्न घेऊन ती रोज उठते. रविवारी ती आता घरीच बसते. बाजारात माझ्या शब्दावर ट्रकच्या ट्रक सुटतात. माझ्या बहिणीला तेवढा एक शब्द मी पटवून देऊ शकत नाही.

दाजींनी रुमालात बांधलेल्या त्या बियांपैकी एकच रुजली. मोरीजवळ, नळाच्या बाजूला. रानकेळीचं असं असतं की उन्हाळ्यात सगळी पानं जळून जातात, जमिनीवर नुसता बुंध्याचा गड्डा उरतो, मेल्यासारखा. दाजी सांगायचे, त्याला पाणी घालायचं नाही, त्याला त्याची वेळ कळते. आता उन्हाळाच आहे. अक्का रोज सकाळी त्या गड्ड्यावर तांब्याभर पाणी ओतते. मी म्हटलं, कुजेल. ती ऐकत नाही.

आबा, हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी तुमच्या घरी येते, हे मला माहीत आहे. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. मोरीजवळचं झाड तुमच्या तोंडातून पडलेल्या बीचं आहे. अक्का तिथेच भेटेल. तिच्यासमोर उभे राहा, तुमचा उजवा हात पुढे करा, आणि दाजींच्या बोटांनी त्या दिवशी काय केलं ते तिला करून दाखवा. नंतर तेच व्यासपीठावरून सांगा. मी वाट बघतोय. उत्तर द्या.