नवे पिकअप, मुकी गिटार

मंडळी, आज टाळ्या मिळाल्या आणि तोंड कडू झालं.

माझ्या बेस गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारे ते चुंबक, जुने झाले होते. तुंगार्लीच्या एका बंगल्यात मागच्या कार्यक्रमात त्यांची घरघर ऐकून आयोजकाने सगळ्यांसमोर माझी शोभा केली. म्हणून आज सकाळी मळवलीत, घरीच सोल्डरिंग गन घेऊन बसलो आणि नवे बसवले. बोट पोळलं, पण आवाज असा खोल निघाला की आई आतून म्हणाली, "आता कसं पोटात वाजतंय!"

दुपारी त्याच बंगल्यात हळदीला वाजवायला गेलो. केबल लावायला वाकलो, तर आयोजक म्हणाला, "राहू दे रे. बेसचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरून सोडतोय, घरघरीची कटकटच नको. तू नुसता गिटार घेऊन उभा राहा, फोटोत छान दिसतं."

"अहो, पिकअप बदललेत. एकदा ऐका तरी."

"आता कुठे वेळ आहे?"

उभा राहिलो. मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिलो.

निघताना बंगला सांभाळणाऱ्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, "लय भारी वाजिवलंस रं!"

मी हसून मान डोलावली.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं?