आखूड हातांचा मुलगा

आधी चहा संपवा, मग सांगतो, नाहीतर ठसका लागेल. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मी एका मेसेजनं मोडत आणलं होतं. आणि ज्या मुलाबद्दल तो मेसेज होता तो होता अमेरिकेत, एकशे तीस किलोचा. मला मुलगी आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

काही कळलं नाही ना? मलाही तासभर कळलं नव्हतं.

आमची प्रज्ञा लीड्समध्येच जन्मली, इथेच वाढली. साउथहॅम्प्टनच्या निखिल मेश्रामशी तिनं स्वतःच जमवलं. दोन्ही घरं बौद्ध, त्यामुळे पत्रिका नाही, मुहूर्त नाही, देणंघेणं नाही. बुद्धवंदना, अंगठ्या आणि जेवण. असा सरळसोट साखरपुडा ठरला. बिघडवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, पण मी आहे ना.

निखिल मुलगा गुणी, फक्त माझ्याशी बोलायचा नाही. मी वीस मिनिटं बोललो की तो म्हणायचा, "येस अंकल." पुढे पूर्णविराम. मग प्रज्ञानं सांगितलं, त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड आहे. म्हटलं, चला, शिकू.

तुम्ही तो खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. हेल्मेट घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर आपटतात, आणि मग सगळे मिळून बराच वेळ विचार करतात. त्यांच्याकडे दर वर्षी ड्राफ्ट असतो. कॉलेजची पोरं रांगेत, संघांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा. अशा सात फेऱ्या. सोनं पहिल्या फेरीत जातं, सातवीत उरलासुरला माल.

आणि उचलण्याआधी पोराचं सगळं मोजतात. उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, उडी. मी तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे बघून घर चालवलंय. मला वाटलं, हा खेळ कोणीतरी माझ्यासाठीच काढलाय.

निखिल आणि त्याचे मित्र फोनवर लुटुपुटूचा ड्राफ्ट खेळायचे. त्यानं मला त्या ग्रुपवर घेतलं आणि एका आठवड्यात आमचं मेतकूट जमलं. वादही जमला. पुढच्या फळीत, समोरच्याच्या अंगावर धावून जाणारा एक पोरगा होता. निखिल म्हणे, पहिल्या फेरीत घ्यायचा. मी म्हटलं, अजिबात नाही. हात बघ त्याचे. साडेएकतीस इंच. समोरच्याला दूर ठेवायचं तर हात लांब नकोत? निखिल म्हणाला, "अंकल, he has heart." मी म्हटलं, हार्ट हॉस्पिटलात पुष्कळ बघितलीत. शेवटी हसून म्हणाला, "आमच्या बाबांनाही ग्रुपवर घेतो, तेच सांगतील तुम्हाला."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं, तिथेच घोळ झाला.

रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. चष्मा स्वयंपाकघरात. तेवढ्यात सुचलं, वादाचा निकाल लावून टाकावा. फोनवर दोन ग्रुप वर-खाली, एक 'ड्राफ्ट', दुसरा दोन्ही घरांचा 'साखरपुडा'. मी लिहिलं:

"मापं पाहिली. उंची ठीक आहे, पण हात आखूड आहेत आणि कंबर जड. माझं स्पष्ट मत, या मुलाची घाई करू नये. मिशिगनचा तो दुसरा मुलगा सरस आहे आणि तो अजून कोणी घेतलेला नाही."

पाठवलं आणि समाधानानं डोळे मिटले.

पाच मिनिटांत फोन वाजला. निखिलचे वडील. बंदरावरून निवृत्त झालेले इंजिनिअर, मोजकं बोलणारा माणूस.

"जय भीम. तुमचा मेसेज वाचला."

"जय भीम, मेश्रामसाहेब. पटलं ना?" मी म्हटलं. मनात आलं, निखिलनं घेतलं वाटतं यांना ग्रुपवर.

मग म्हणाले, "तुम्ही हे गमतीनं लिहिलंत का?"

"गंमत कसली? दोन आठवडे अभ्यास केलाय मी या पोराचा. सगळे व्हिडिओ पाहिलेत."

"कसले व्हिडिओ?"

"पळतानाचे, वाकतानाचे. नुसत्या चड्डीवर वजन करतात, तोसुद्धा."

"चड्डीवर?"

"अहो, इंटरनेटवर आहे सगळं. जग बघतंय."

तिकडून पाणी प्यायल्याचा आवाज आला. "तुम्हाला पसंत नव्हता तर आधी बोलायचं होतं. आता हॉलसुद्धा ठरलाय."

ड्राफ्टला हॉल कशाला, हे मला कळेना. म्हटलं, सगळे एकत्र बसून बघणार असतील. "हॉल राहू द्या की," मी म्हणालो. "दुसऱ्या मुलाला तोच हॉल चालेल."

"भाऊ, तुम्ही काय बोलताय?"

"हात एक वेळ सोडून देऊ. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं, ते कसं विसरायचं?"

यावर मेश्रामसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "गुडघ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"आम्ही सांगणारच होतो. लहानसं ऑपरेशन होतं. आता व्यवस्थित चालतो तो."

"नुसतं चालून काय उपयोग? समोरून दोघं अंगावर आले तर उभा राहिला पाहिजे."

"लग्नात कोण येणार आहे अंगावर?"

"कोणाच्या लग्नात?" मी विचारलं. अगदी मनापासून विचारलं हो.

"मी बाप आहे त्याचा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी विचार करत बसलो. साउथहॅम्प्टनचा इंजिनिअर अमेरिकेतल्या त्या धिप्पाड पोराचा बाप कसा? कधी गेले हे अमेरिकेला? सौ. मेश्राम यांना कल्पना आहे का? त्या माउलीबद्दल मला वाईट वाटायला लागलं होतं, तेवढ्यात प्रज्ञा जिना उतरून आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, कुठला मेसेज पाठवलास तू? निखिलची आई रडते आहे."

संगीता, म्हणजे आमची ही, माझा चष्मा घेऊन आली. तो लावला आणि ग्रुप उघडला. वर नाव 'साखरपुडा'. माझ्या मेसेजच्या बरोब्बर वर निखिलच्या आईचा मेसेज होता. लंडनमधल्या ईलिंगच्या शिंप्याला द्यायची निखिलच्या सूटची मापं. उंची, कंबर, बाही. खाली लिहिलं होतं, "एकदा बघून तुमचं मत कळवा."

कळवलं होतं मी.

पोरगी माझ्याकडे नुसती बघत होती, आणि ते फार लागलं. माणसाला जन्मावरून, मापावरून जोखू नये असं तिला लहानपणापासून मीच शिकवलं होतं.

"आणि गुडघ्याचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलमधून घरी मीच ड्राइव्ह केलं त्याला."

मी साउथहॅम्प्टनला फोन लावला. माफी मागितली, ड्राफ्ट समजावला, मिशिगनचा मुलगा समजावला. जितकं समजावत गेलो तितकं ते आणखी खोटं वाटत गेलं. निखिलनं मध्ये पडून माझ्या बाजूनं साक्ष दिली. मेश्रामसाहेब एवढंच म्हणाले, "शनिवारी येतो. समोरासमोर बघू."

सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी तिघं आले. निखिलच्या आईनं चहाला हात लावला नाही. निखिल आणि प्रज्ञा सोफ्याच्या दोन टोकांना. मेश्रामसाहेबांनी कोटाच्या खिशातून मोजपट्टी काढली आणि मला म्हणाले, "उभे राहा."

मी उभा राहिलो.

"हात पसरा." पसरले. त्यांनी इंजिनिअरच्या शिस्तीनं खांद्यापासून बोटापर्यंत मोजलं आणि आकडा बायकोला सांगितला. "सव्वासत्तावीस." तिनं मान हलवली. मग कंबर मोजली. तो आकडा त्यांनी मोठ्यानं सांगितला नाही, हे त्यांचे उपकार. "आता खाली बसून उठा." मी बसलो. उठताना गुडघा कटकन वाजला, खोलीभर ऐकू आला. तीस वर्षं मी लोकांना याच गुडघ्याचे व्यायाम शिकवतोय.

मेश्रामसाहेब मुलाकडे वळले. "काय रे, त्या खेळात शेवटची फेरी कितवी?"

"सातवी, बाबा."

"मग यांना सातवीत घेऊ. तेही दुसरा व्याही उरला नसेल तर."

निखिलच्या आईला पहिल्यांदा हसू फुटलं. तिनं कप उचलला. प्रज्ञा सोफ्यावर सरकत निखिलच्या शेजारी गेली. माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात संगीता निखिलच्या आईपुढे चिवड्याची बशी ठेवत म्हणाली, "सातवीत मिळाले ना, नशीबवान आहात. मी यांना पहिल्या फेरीत घेऊन बसले."