चोरांचा कायदा शिकवणारे अविनाशदादा

अविनाशदादा गेल्याचा फोन वहिनींनी केला, तेव्हा मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये गाडी पार्क करत होते. पाच आठवडे झाले. "श्रद्धांजलीच्या पुरवणीसाठी तूच लिही गं, त्यांची लाडकी होतीस," त्या म्हणाल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वहिनींना मी आधीच सांगितलं, मला गोड लिहिता येणार नाही. त्या म्हणाल्या, "खरं लिही."

लंडनच्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मी नागपूरहून वर्क व्हिसावर आले, तेव्हा दादा तिथे मुरलेले होते. डबा खाताना ते रशियन टोळ्यांचा इतिहास सांगत. झारच्या काळातले घोडेचोर आणि खिसेकापू, मग नव्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांना कोंबलेल्या छावण्या आणि तिथे पक्का झालेला चोरांचा कायदा: सरकारची चाकरी करायची नाही, संसार मांडायचा नाही, पोलिसांशी बोलायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात सुटकेच्या आशेने काहींनी बंदूक हाती घेतली. ते पुन्हा छावणीत आले, तेव्हा जुन्या चोरांच्या लेखी फितूर ठरले आणि सुऱ्या चालल्या. राजवट कोसळल्यावर याच जगातली माणसं दुकानदारांकडून हप्ते घेता घेता कारखान्यांची मालक झाली आणि सूट घालून लंडनला घरं घ्यायला आली. मी घास हातात धरून ऐकत बसायची. मूर्ख होते मी.

असाच एक सूटवाला आमच्याकडे घरखरेदीचे कागद करायला आला. त्याच्या कागदांत पैशाचा उगम कुठेच सापडेना. नियमाप्रमाणे मी संशयाचा अहवाल लिहिला आणि दादांच्या हाती दिला, कारण असे अहवाल तपासून सरकारकडे पाठवणं हे फर्ममध्ये त्यांचंच काम होतं. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. शिवाय ऑफिसच्या किचनमध्ये हसत म्हणाले, "हिच्यासमोर जपून बोला रे, वर कळवते ही." लोक माझ्याशी बोलेनासे झाले. दोन महिन्यांत माझी नोकरी गेली. व्हिसा टिकवायचा तर नवा स्पॉन्सर, म्हणजे नोकरी देणारी दुसरी फर्म, शोधायला साठ दिवस होते. त्या दिवसांत दादांनी माझा एकही फोन उचलला नाही.

शेवटची भेट लंडनमधल्या ईलिंगच्या गणपतीत झाली. प्रसादाच्या रांगेत मी सरळ विचारलं, "अहवाल का नाही पाठवलात?"

"अगं, क्लायंट गेला असता. आपण बाहेरून आलेली माणसं, लो प्रोफाइल राहावं."

"मग तो सगळा इतिहास मला कशाला शिकवलात?"

"इंटरेस्टिंग आहे म्हणून," ते म्हणाले आणि द्रोण पुढे केला.

त्या चोरांना निदान स्वतःचा कायदा तरी होता, वाईट का असेना. दादांना तोही नव्हता. माझं चुकलं, एवढे दोन शब्द मला हवे होते... आता ते मिळायचे नाहीत.

आणि तरीही आताच्या फर्ममध्ये कुठलीही फाइल आली की मी ती शेवटच्या पानापासून वाचते. पहिलं पान सगळेच इस्त्री करून देतात, खरं मागे सापडतं, हे मला दादांनीच शिकवलं. ही सवय मोडायचा मी खूप प्रयत्न केला, मोडत नाही. रोज सकाळी फाइल उलटी धरली की ते शेजारी येऊन बसतात. बसू देत. मागे जे सापडतं, ते मी पुढे पाठवते, दादा.