ऑपरेशनच्या आधीचा आवाज

मी कॉलेजात उच्चारशास्त्र शिकवते. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक कुठे वळतं, ‘भ’ म्हणताना ओठांतून किती हवा बाहेर पडते, हे मुलांना हातात आरसे देऊन दाखवते. राजुरीला आमच्या घरी याला काम समजत नाहीत. शेजारणीने विचारलं की आई सांगते, “पोरांना तोंड उघडायला शिकवती.” त्यावर शेजारीण म्हणते, “आमच्या पोरांना मिटायला शिकवंल का?” मग दोघी दुसऱ्या विषयाकडे वळतात.

मागच्या वर्षी आईच्या गळ्यावर गाठ आली. थायरॉईडची. नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या सर्जननी कागदावर गळा काढून दाखवला. स्वरतंतूंकडे जाणारी नस गाठीला अगदी चिकटून आहे, सहसा काही होत नाही, पण आवाज बदलू शकतो, क्वचित कायमचा, असं म्हणून त्यांनी सही घेतली. ती नस मी दरवर्षी फळ्यावर काढते. आईच्या गळ्यातही ती असणार, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

परतताना गाडीत आईने एकदाच विचारलं, “म्हंजी मुकी व्हनार का मी?”

“नाही गं. फार तर आवाज घोगरा होईल.”

“मंग व्हऊ दे,” ती म्हणाली, आणि कुणाच्या कांद्याला पाणी कमी पडलंय ते खिडकीतून बघून सांगायला लागली.

मला होऊ द्यायचं नव्हतं. आईचा आवाज मोठा, जरासा चिरका आणि अखंड. गोठ्यातल्या गाईला, वडिलांना आणि टीव्हीवरच्या बाईला ती एकाच पट्टीत बोलते. मी लांब राहायला गेल्यापासून फोन कानापासून वीतभर दूर धरूनच तिच्याशी बोलत आले. ऑपरेशनला आठ दिवस होते. मी रजा टाकली आणि रेकॉर्डर घेऊन घरी गेले. आवाज गेलाच, तर निदान तो जसाच्या तसा माझ्याजवळ राहील, एवढाच हिशोब. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी उपकरणं गोळा करते.

तिला मी “कॉलेजसाठी हवंय” असं सांगितलं. तिथेच घोळ झाला. ती आत गेली, साडी बदलून आली, खुर्चीत ताठ बसली आणि बोलू लागली, “नमस्कार. मी राजुरी येथील एक गृहिणी बोलत आहे.”

बचत गटाच्या कार्यक्रमात तिने आयुष्यात एकदा भाषण केलं होतं. ते सगळं मला ऐकावं लागलं. आभारासकट.

दुसऱ्या दिवशी मी तिला मासवडी कशी करतेस ते विचारलं. मासवडी ती डोळे मिटून करते आणि करताना वडिलांच्या सगळ्या नातेवाइकांचा उद्धार करते. रेकॉर्डर लागला आणि ती म्हणाली, “सर्वप्रथम आपण बेसण घेणार आहोत. त्यानंतर चवीणुसार मीठ.” बेसनाचं बेसण, चवीनुसारचं चवीणुसार. शुद्ध बोलायच्या धाकाने माणूस दिसेल त्या ‘न’चा ‘ण’ करतो, हे मी वर्गात शिकवते. मुलं हसतात, मीही हसते. इथे वडील दारातून डोकावले आणि पाहुणे आलेत समजून सदरा घालायला गेले.

तिसऱ्या दिवशी मी रेकॉर्डर पापडाच्या डब्यामागे लपवला. न विचारता कुणाचा आवाज घेऊ नये, यावर माझं स्वतंत्र व्याख्यान आहे. पाच मिनिटांत तिला डब्यामागचा लाल दिवा दिसला. सुनेबद्दलचं वाक्य अर्ध्यात तोडून ती म्हणाली, “माझी सूण फार गुणी आहे.” भावजय शेजारीच कणीक मळत होती. तिने एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. आम्ही दोघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो आणि ती ‘पाऊस समाधानकारक झालेला आहे’ असं काहीतरी सांगत होती. मी ओरडले, “अगं, नेहमीसारखं बोल ना! हे कसलं बोलणं? मला तू पाहिजेस, बातम्या नकोत!”

तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “तूच सांगितलं व्हतंस ना.”

“मी? कधी?”

“तुला बघायला आलते तवा.”

मला काही आठवेना. तिला सगळं आठवत होतं. पुण्याची माणसं बाहेर बसली होती, मी साडी नेसून चुलीपाशी उभी होते, आणि मी तिला म्हणाले होते, “तू जास्त बोलू नकोस. हो-नाही म्हण. आणि ‘व्हतं’ म्हणू नकोस, ‘होतं’ म्हण.” ती “बरं” म्हणाली होती. ती माणसं जाईपर्यंत माझी आई फक्त “हो”, “नाही” आणि “घ्या ना” एवढंच बोलली. निघताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, विहीणबाई अगदी शांत आहेत हो. त्या आजही तसंच म्हणतात, कारण त्यांच्यासमोर आई आजही हो, नाही आणि घ्या ना, एवढंच बोलते. इतकी वर्षं मला वाटायचं, दोघींचं जमत नाही.

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिते की कुठलाही उच्चार अशुद्ध नसतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात.

“पन ते कशाला धरून बसलीस?” मी विचारलं. माझाही उच्चार घसरला होता.

“धरून न्हाई गं,” आई म्हणाली. तिला राग नव्हता, तेच मला सोसेना. “ह्ये मशीनमधलं ऱ्हानार ना कायमचं? तुझ्या कॉलेजात ऐकत्याल, तुझ्या सासूबाई ऐकत्याल. तुझी आई आशी बोलती म्हनत्याल. म्हनून नीट बोलत व्हते.”

मला इतकी लाज वाटली की मी शेंगांची टरफलं सुपात आणि दाणे बाहेर टाकायला लागले. चुकलं माझं, असं आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. मी म्हणाले. ती म्हणाली, “बरं. चा ठिवू का?”

तिला कितीही सांगितलं तरी उरलेल्या दिवसांत काही फरक पडला नाही. रेकॉर्डर दिसला की तिची मान ताठ व्हायची. तिला तरी काय बोलायचं, ते वळण मीच लावलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र जाड आला, मधेच हवा सुटणारा. सहा महिने वाट बघा, डॉक्टर म्हणाले. आम्ही बघितली. आता ते म्हणतात, हाच. जुना आवाज माझ्याकडे अडीच तास भरून आहे, आणि त्यात माझी आई कुठेही नाही. मी तो पुन्हा लावलेला नाही.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. जेवण झाल्यावर तिने विचारलं, “तुझं ते मशीन आनलंय का?”

ते पर्समध्ये पडूनच असतं. मी काढलं.

“लाव. आता बोलते मोकळं. आता तुझ्या सासूबाईंनी ऐकलं तरी ह्यो आवाज माझा हाय म्हनून कुनी वळखायचं न्हाई. तुला कमीपना न्हाई.”

आणि ती सुरू झाली. वडिलांचे नातेवाईक, बिबट्याने नेलेली शेळी, भावजय, बचत गटाची अध्यक्षीण, कुणालाही सोडलं नाही. सगळं तिच्या बोलीत, परक्या आवाजात. मी समोर बसून ऐकत होते आणि मला रडू आवरेना.

ती मधेच थांबली.

“हळू रड,” ती म्हणाली, “त्यात तुझाच आवाज यायला लागलाय.”