एक-एक घर चालणारी प्यादी

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. बुद्धिबळ मात्र गावी, आगाशीतच, बाबांकडून शिकले. स्पर्धेचे नियम कॉलेजात कळले. बाबांचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते.

आई गेल्यावर मी त्यांना एव्हरशाईन सिटीत माझ्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्या गुडघ्यामुळे आगाशीच्या वाडीत एकटं राहणं जमणारं नव्हतं. पण इथे बोलायला कोणी नाही. रोज संध्याकाळी एकच, "बाय, मी आपला आगाशीला जातो." पिशवी भरलेलीच असायची.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा ठरली. मी परस्पर त्यांचं नाव दिलं. चार माणसं ओळखीची झाली तर राहतील, एवढीच आशा.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं तर काळ्याने काय करायचं, ते मी बाबांना शिकवायला बसले.

"दोन घरं? प्यादं आहे का बेडूक?"

"बाबा, समोरचा टाकणारच."

"त्याला टाकू दे. मी नाही टाकत."

मग मी त्यांच्याजोगा बचाव शोधला. वजिरापुढचं प्यादं एक घर, राजाकडचा घोडा बाहेर, त्या घोड्याच्या मूळ घरापुढचं प्यादं एक घर, आणि त्या प्याद्याच्या मागे उंट. मधली जागा समोरच्याला घेऊ द्यायची, मग तिच्यावर मारा. परदेशी नाव मी सांगितलंच नाही.

"हा तर आपलाच खेळ," बाबा म्हणाले. राजाला एका चालीत हत्तीच्या आडोशाला नेणारं कॅसलिंगही दाखवलं. त्यावर नुसतं "बरं" म्हणाले.

पहिल्याच डावात समोर कोकणातले एक निवृत्त मास्तर. बाबांचा बचाव छान उभा राहिला. पुढे उंट बाहेर पडला, त्याचं घर मोकळं झालं, आणि बाबांनी राजा उचलून घोड्यासारखा थेट तिथे ठेवला.

"काका, ही चाल बाद," पंच म्हणाला. मागे कोणीतरी हसलं. बाबांचा चेहरा उतरला.

"आमच्याकडे चालते," एवढंच म्हणाले.

"अहो, आमच्या गावीही चालायची!" मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "हा डाव यांच्या नियमाने संपवू, उद्या खाली बाकावर आपल्या नियमाने. पण उडी मीपण मारणार हां!"

तो डाव बाबा हरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून हाक आली, "ओ आगाशीवाले, राजा तयार आहे का?"

चपला घालता घालता बाबा म्हणाले, "बाय, रविवारी आगाशीला जाऊन ये. माझा कापडी पट तिथेच राहिलाय, तो आण."

"आणि तुम्ही नाही येणार?"

"मला वेळ कुठाय?"