मधली दहा पावलं

तार दुपारी आली. मी तिसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते, तेवढ्यात शिपाई आला. ‘वामन अत्यवस्थ, निघा.’ अत्यवस्थ म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. सोनाळ्याहून शेगाव, शेगावहून खामगाव, खामगावहून मेहकर, आणि तिथून डोणगाव... चार मोटारी बदलून मी दुसऱ्या दिवशी माहेरच्या दारात उतरले, तेव्हा दादाला पोचवून आलेले लोक अंघोळी करून ओट्यावर बसले होते. वामनदादा माझा थोरला भाऊ, डोणगावच्या शाळेतला गुरुजी. पंचक्रोशीत ‘पयनारे गुरुजी’, म्हणजे पळणारे गुरुजी, म्हणूनच ओळखायचे त्याला. वय अवघं एक्केचाळीस.

पाच-सहा दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. धावता धावता गुरुजींनी देह ठेवला म्हणे! कुठे धावत होता? खाटेवर पडून होता बिचारा. कावीळ झाली होती. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि हे सगळे शहाणे त्याला कुठला तरी झाडपाला वाटून पाजत होते. वहिनी रोज म्हणायची, मेहकरच्या दवाखान्यात चला. तर हा काय म्हणायचा, “मी रोज आठ मैल पयतो, मले काय होते?” नवव्या दिवशी शुद्ध हरपली आणि दहाव्या दिवशी गेला. हा मूर्खपणा आहे. त्याला हार घालू नका. मला राग आहे तो आधी याचा, आणि मग पुष्कळ गोष्टींचा. एकेक सांगते.

दादाला पळायचं वेड कुठून लागलं देव जाणे. वडील लवकर गेले, हा अठराव्या वर्षी मास्तर झाला, आणि एक दिवस उठून पहाटे पळायलाच लागला. रात्री भिजवलेले हरभरे नि गुळाचा खडा खायचा, अनवाणी नाल्यापर्यंत जायचा नि यायचा, मग अंघोळ, मग शाळेची घंटा. गावात कारणाशिवाय पळणारा माणूस तोवर कोणी पाहिला नव्हता. चोर पळतो, नाहीतर चोरामागे लोक पळतात. मग दादानं शक्कल काढली. हातात टमरेल घेऊन पळायचं! पहाटे टमरेल घेऊन रानाकडे निघालेल्या माणसाला कोण विचारतो, कुठे चाललास म्हणून? पण हा टमरेल घेऊन चालत नव्हता ना, जिवाच्या आकांतानं पळत होता. रोज. महिन्याभरात गावभर झालं, गुरुजींचं पोट पार बिघडलं. पाटलाच्या म्हातारीनं मायजवळ सुंठीचं चूर्ण आणून दिलं. वैद्यबुवांनी ताक सांगितलं. ओट्यावर बसणारा एक म्हातारा तर रोज हाक मारायचा, “गुरुजी, आज तरी पोचले काय वेळेवर?” दादा मान खाली घालून निघून जायचा आणि घरी येऊन हसून हसून लोळायचा. आम्ही सगळेच हसायचो. खरं सांगते, ते दिवस फार चांगले होते.

मी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याच्यामागे पळायची मला भारी हौस. पण मुलगी कुठे पळणार? बायकांना उजाडायच्या आत गोदरीला जायचं, तेवढंच काय ते बाहेर पडणं. मग दादाच म्हणाला, “कमे, तू बी टमरेल घे.” बायकांच्या घोळक्यातून मी मागे राहायची, बाभळीच्या आड वळायची आणि पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, सुसाट सुटायची. आमच्या विहिरीशी दादा उभा असायचा. “खांदे ढिले सोड. मुठी आवयू नोको, मुठीत अंडं धरल्यावानी धर. अन् मांगं कोन हाये ते पाहू नोको!” पोहऱ्यानं पाणी काढून दोघं प्यायचो आणि वेगवेगळ्या वाटेनं घरी यायचो. माझ्या टमरेलातलं पाणी कितीदा तरी तसंच परत यायचं. मायला कळत होतं. ती काही बोलली नाही.

दसऱ्याला आमच्या घरची शर्यत असायची. सोनं लुटायला शिवेबाहेर जायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी पांदणीत जमायचं आणि पळत जाऊन विहिरीच्या थारोळ्याला, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाला, हात लावायचा. पण सगळे एका जागेवरून नाही. दादानं प्रत्येकाला एकेक दगड दिला होता, चुना लावलेला. मायचा दगड विहिरीच्या अगदी जवळ, मग वहिनीचा, मग माझा, आणि सगळ्यात मागे हिवराच्या झाडाखाली त्याचा स्वतःचा. आणि नियम एकच, जो जिंकेल त्याचा दगड पुढच्या वर्षी दहा पावलं मागे. पावलं दादाच मोजायचा. कोणाला दयेनं जिंकू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. माय तर पळायचीही नाही, नाकासमोर चालत जायची, आणि चालत चालत दोनदा जिंकली! “एक, दोन, साडेमाडे तीन!” दादा ओरडायचा आणि त्याच्या पायांचा आवाज मागून जवळ जवळ यायला लागायचा... तो आवाज अजून माझ्या पाठीत आहे.

मग दादा मेहकरच्या एका शर्यतीत पहिला आला. गावानं गुलाल उधळला. वैद्यबुवांनी पाठ थोपटली. त्या दिवशी दादानं टमरेल खुंटीला टांगलं आणि दुसऱ्या दिवसापासून खाकी चड्डी घालून उजेडात, भर रस्त्यानं, पळायला लागला. ओट्यावरचा म्हातारा उठून रामराम करायला लागला. माझं टमरेल मात्र माझ्याच हातात राहिलं.

मी ओळीनं दसरे जिंकत गेले. माझा दगड मागे मागे सरकत शेवटी हिवराखाली, त्याच्या दगडाच्या शेजारी आला. मी अठरा वर्षांची होते. त्या दसऱ्याला आम्ही दोघं एका रेषेवर उभे राहिलो. सूट नाही, काही नाही. आणि मी त्याला हरवलं. थारोळ्याला माझा हात आधी लागला, वहिनीनं पाहिला, मायनं पाहिला. दादा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसत होता. “हरलो बापा! पोट्टीनं हरवलं मले!” मी म्हटलं, दगड मागे ने. तो म्हणाला, “नेतो ना व, उद्या नेतो.” उद्या नेला नाही. परवाही नेला नाही.

त्याच सालात, महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, बुलढाण्याला जिल्ह्याच्या शर्यती निघाल्या आणि त्यात मुलींचीही शर्यत होती. दादाच्याच शाळेतले एक मास्तर दोन फॉर्म घेऊन आले, एक त्याचा, एक माझा. माझ्या फॉर्मावर पालकाची सही पाहिजे होती. पालक म्हणजे दादा. आठ दिवस तो फॉर्म त्याच्या कोटाच्या खिशात होता. मी रोज खुंटीवरचा कोट चाचपून पाहायची, खिशात कागद वाजायचा. नवव्या दिवशी मी सरळ विचारलं, “दादा, सही काऊन करून नाही राह्यला?”

“सोनाळ्याचे पावने तुले पाह्याले येऊन राह्यले, कमे. त्यायच्या कानावर गेलं, पोट्टी मैदानात पयते, तं? लोकं काय म्हनतीन?”

“तू चड्डी घालून पयतो, तवा लोकं काय म्हनतात?”

“मी गडी मानूस हाये.”

एवढंच म्हणाला. ज्या माणसानं मला टमरेल हातात दिलं, मुठी कशा धरायच्या ते शिकवलं, तो माणूस! अख्खं गाव त्याच्या पोटाला हसत होतं तेव्हा जो डगमगला नाही, तो माझ्या वेळेला चार पाहुण्यांना भ्याला. मी भांडले नाही. तिथेच माझं चुकलं, भांडायला हवं होतं, आकाशपाताळ एक करायला हवं होतं. तो बुलढाण्याला गेला, तिसरा आला, आणि येऊन त्यानं तो कप आधी माझ्या हातात दिला. “तुह्यामुयंच आलो,” म्हणाला. मी तो चुलीशी नेऊन ठेवला. माय पुढे कित्येक वर्षं त्या कपानं पीठ मोजत होती.

वैशाखात माझं लग्न झालं. सासर वाईट मिळालं असं नाही, त्यांनी मला शिकू दिलं, नोकरी करू दिली. तेरा वर्षं मी माहेरी येत-जात राहिले. माय गेली तेव्हा आले, वहिनीच्या बाळंतपणाला आले. दादाशी बोलले, हसले, त्याच्या ताटात वाढलं. पण पांदणीत पाऊल टाकलं नाही. दसऱ्याला एकदाही आले नाही. शेतात चल म्हणाला की माझं डोकं दुखायचं. त्यानं ओळखलं असणार. विचारलं मात्र नाही कधी.

तेरवीच्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. एक पुढारी उठले, फेटा सावरला आणि म्हणाले, “ज्या काळात मुली उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्या काळात गुरुजींनी स्वतःच्या बहिणीला मैदानात उतरवलं!” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी भारावून ‘वा’ म्हणालं. मैदान! कोणतं मैदान हो? मी आयुष्यात मैदान पाहिलं ते शाळेतल्या मुलींना कवायत देताना. मी अंधारात पळाले, टमरेल घेऊन, बाभळीच्या आड! उठून सांगावं म्हटलं, पण शेजारी वहिनी पांढऱ्या कपाळानं बसलेली... नाही उठले. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलते आहेच. पण खोटं बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं मला हलवून उठवलं. “कमाबाई, चला माह्यासंगं.” घर पाहुण्यांनी भरलेलं. नव्या विधवेनं घराबाहेर पडायचं तर काय सांगून? वहिनीनं खुंटीवरून टमरेल काढलं, दादाचं जुनं, आणि माझ्या हातात दिलं. कोणी काही विचारलं नाही. दारातल्या म्हाताऱ्या मावशीनंही पाय आखडून वाट दिली.

पांदणीला लागलो तशी मी थबकले. वहिनी म्हणाली, “आता तरी या.” उजाडत होतं. मायचा दगड होता तिथेच होता, वहिनीचा होता. हिवराखाली दादाचा दगड, चुना पावसानं उडालेला. माझा दगड तिथे नव्हता. मनात म्हटलं, उचलून टाकला वाटतं! वहिनी पुढे चालत राहिली आणि हिवराच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिच्या पायाशी माझा दगड होता. मी पावलं मोजली. दहा.

“कवा नेला?”

“तुमचं लगन झालं, त्याच सालच्या दसऱ्याले. दरसाल सगळ्यात आंधी याले चुना लावत. कोनी विचारलं तं म्हनत, हा कमीचा, ते माह्यापक्षा जोरात पयते.”

“अन् मले काऊन नाही सांगतलं?”

“तुम्ही पांदनीत पाय तरी ठेवला काय, बाई? ते म्हनत, कमी स्वतः येईन तवा पाहीन.”

तेरा वर्षं! तेरा वर्षं हा माणूस रिकाम्या पांदणीला सांगत बसला की बहीण माझ्यापेक्षा जोरात पळते. दगडाला सांगितलं, गुराख्यांना सांगितलं, बायकोला सांगितलं. एका कागदावर सही करायला चार अक्षरं लागली असती, ती नाही केली. आणि मीही कसली शहाणी? रागानं डोकं दुखवून घेत ओसरीवर बसून राहिले, विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर. मला इतका संताप आला की काय करावं कळेना.

मी टमरेल दगडापाशी ठेवलं. पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या. वहिनी विहिरीशी जाऊन उभी राहिली आणि तिथून तिनं हाक दिली, दादाचीच, “एक, दोन, साडेमाडे तीन!” मी पळाले. कितीक वर्षांनी पळाले, पायात काटे मोडले, छातीत कळ आली. दहा पावलांवर त्याचा दगड आला. त्या दगडावर तो उभा असायला पाहिजे होता. मला त्याची पाठ दिसायला पाहिजे होती, ती गाठायची होती, गाठून पुढे जायचं होतं. सगळी पांदण मोकळी पडली होती... मी ओरडले असेन काहीतरी, कारण बाभळीवरचे होले उडाले. थारोळ्याला हात लावला आणि तिथेच बसले.

वहिनी डोळे पुसत म्हणाली, “जिंकल्या तुम्ही. दगड आनखीन दहा पावलं मांगं न्या.”

“कोनाले हरवून, वहिनी?”

पोहऱ्यानं पाणी काढून तिनं मला पाजलं. परत येताना मी रिकामं टमरेल उचललं आणि रागाच्या भरात तिला बजावलं, यंदा दसऱ्याला माझ्या दगडाला चुना लाव, त्याच्या दगडाला लावू नको. उघडा राहू दे. तिनं मान हलवली.

सोनाळ्याला परत येऊन आता तीन आठवडे झाले. शाळेतल्या मुलींना मी रोज शेवटच्या तासाला पळवते, भर उन्हात, सगळ्या गावासमोर. काल वहिनीला कार्ड टाकलं. लिहिलं, दसऱ्याला मी येते. दोन्ही दगडांना चुना लाव. पण मधली दहा पावलं कमी होऊ देऊ नको.